ड्रिलच्या पोलादाची पारख

आमच्या घराच्या दर्शनी दारांत, कडीच्या खालीं सुमारें चार बोटांवर, लाकडी खुंटीनें बुजविलेलें एक भोंक आहे. पाहुण्यांच्या तें लक्षांत येत नाहीं. माझ्या डोळ्यांत मात्र तें जातां-येतां सलतें. हें दार शनिवार पेठेंतील आमच्या आजोबांच्या वाड्याचें. वाडा पाडला गेला, त्याच्या तुळ्या आणि खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानें नेले, आणि एवढें एक सागवानी दार आम्हीं हट्टानें मागून घेतलें. नव्या घरीं त्यास पितळी अडसर बसवावयाचा होता. एवढ्याशा कामास सुताराची वाट कशाला पाहावयाची, असें म्हणून मीं रस्त्यावरील एका विक्रेत्याकडून घेतलेला तेरा बिटांचा सोनेरी संच उघडला, यंत्रास सहा मिलिमीटरचा बिट लावला आणि कळ दाबली. पहिला इंचभर तो लोण्यांत सुरी शिरावी तसा गेला. मग किंचाळल्यासारखा आवाज झाला, धूर निघाला, मीं अंगाचा भार दिला, आणि कट् असा आवाज होऊन बिटाचा पुढला अर्धा भाग दारांतच राहिला.

त्या दारांत एक जुना लोहारी खिळा दडलेला होता. खिळ्यास बोल लावण्यांत अर्थ नाहीं. तो तेथें माझ्या जन्माच्या आधींपासून होता. शिवाय जुना लोहारी खिळा म्हणजे मऊ लोखंड. चांगल्या पोलादाच्या बिटानें तो सहज कापला जावयास हवा होता. मग माझा बिट कां तुटला? या प्रश्नाचा पिच्छा पुरवितांना बोहरी आळींतील एक दुकानदार, पिंपरीच्या बाजूच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले एक टर्नर आणि आमचे नेहमींचे सुतार यांच्यापासून मी जें शिकलों, तेंच आज आपणांपुढें ठेवीत आहें. हल्लीं पुण्यांतील पुष्कळ घरांतून विजेचें किंवा बॅटरीचें ड्रिल-यंत्र असतें. यंत्र घेतांना आपण चार ठिकाणीं चौकशी करतों. बिट मात्र हातीं येईल तो घेतों. वस्तुतः कापण्याचें काम बिट करतो, यंत्र त्यास केवळ फिरवितें.

आधीं नांवांचा घोटाळा मिटवूं. दुकानांत जाऊन 'ड्रिल द्या' म्हटलें तर दुकानदार यंत्र काढून दाखवील. यंत्राच्या तोंडांत बसणारी जी पोलादी पिळाची काडी तिला तो 'बिट' म्हणतो, आणि मीही तोच शब्द वापरणार आहें. बिट ज्यांत आवळला जातो तें यंत्राचें तोंड म्हणजे 'चक'. आपल्या जुन्या सुतारांपाशीं गिरमिट असे, आणि दोरीनें फिरविण्याचा सामता असे. त्यांचें पातें लोहारानें ठोकून केलेलें असे व तें फिरे सावकाश. सावकाश फिरणाऱ्या पात्यास फारशी उष्णता सोसावी लागत नाहीं. म्हणून गांवच्या लोहाराचें पोलाद त्यास पुरें पडे.

अंगावर दोन वळणदार पन्हळी असलेला आजचा बिट हा त्या मानानें अलीकडचा. त्याचें पेटंट अमेरिकेंतील स्टीफन मोर्स यांनीं १८६३ मध्यें घेतलें. पन्हळींची योजना अशी कीं, टोंकाशीं कापलेला कीस त्यांतून वर चढून आपोआप बाहेर पडावा. पुढें १८९५ मध्यें जर्मनींतील श्टुटगार्ट येथील फाइन यांच्या कारखान्यांत विजेवर चालणारें, हातांत धरण्याजोगें ड्रिल-यंत्र तयार झालें. माणसाच्या मनगटाच्या गतीस मर्यादा असते. विजेच्या गतीस तशी नसते. गति वाढली कीं घर्षण वाढतें, घर्षणानें टोंक तापतें, आणि तापलेलें टोंक हाच बिटाचा मृत्यु होय. बिट घासून संपतो असें आपणांस वाटतें. पण घरगुती कामांत दहांतील नऊ बिट घासून नव्हे तर भाजून मरतात, असें आमचे टर्नर म्हणत. आंकडा त्यांच्या अनुभवाचा आहे. माझा अनुभवही त्याच्या विरुद्ध नाहीं.

तें कसें, हें समजण्यास लोहाराच्या भट्टीशीं जावें लागेल. पोलाद लाल तापवून एकदम विझविलें कीं तें कठीण होतें. यालाच आपण पोलादास पाणी देणें म्हणतों. तेंच पोलाद पुनः तापलें कीं हें पाणी उतरतें. साधें कार्बनचें पोलाद सुमारें दोनशें अंश सेल्सिअसच्या पुढें गेलें कीं आपला कठीणपणा गमावूं लागतें, आणि तीनशें अंशांच्या सुमारास त्याच्या अंगावर निळी झांक येते. अशी निळी झांक आलेल्या टोंकास कितीही धार लावा, ती पुढच्या भोंकापर्यंतही टिकत नाहीं. विजेच्या यंत्रानें लोखंडाच्या पट्टींत भोंक पाडतांना टोंकाशीं दोनशें-तीनशें अंश उष्णता निर्माण होण्यास मिनिटभरही लागत नाहीं. माझा सोनेरी बिट अशाच हलक्या पोलादाचा निघाला. खिळ्याशीं पोंचल्यावर त्याचें टोंक भाजून बोथट झालें. बोथट टोंक कापीना, म्हणून मीं जोर केला. आणि जोरानें तो मध्यें मोडला.

या अडचणीवरील तोड ड्रिलच्या नव्हे, तर लेथच्या कामांतून निघाली. १८९८ च्या सुमारास अमेरिकेंत बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्यांत फ्रेडरिक टेलर व मॉन्सेल व्हाइट यांनीं, टंगस्टन व क्रोमियम मिसळलेल्या पोलादास फार उच्च उष्णतामानावर पाणी देण्याची रीत बसविली. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत त्यांचीं हत्यारें लेथवर चालतांना लोकांनीं पाहिलीं: टोंक तापून लालसर झालें तरी धार शाबूत. हें 'हायस्पीड' पोलाद पांचशें अंशांच्याही पुढें आपला कठीणपणा बव्हंशीं राखतें. आज बिटाच्या दांड्यावर 'एच. एस. एस.' अशीं जीं तीन अक्षरें कोरलेलीं असतात तीं याच पोलादाचीं. त्याच्या नेहमींच्या एका जातींत टंगस्टन शेंकडा सहा, मॉलिब्डेनम पांच, क्रोमियम चार आणि व्हॅनेडियम दोन, अशा सुमारानें धातु मिसळलेले असतात. टिकाऊ बिट हवा असेल तर प्रथम हीं अक्षरें शोधावीं. रंग नंतर पाहावा.

रंगाविषयीं थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे, कारण मी त्यालाच भुललों. सोनेरी रंग हा टायटॅनियम नायट्राइडच्या लेपाचा असतो, आणि तो लेप खरोखरीच गुणकारी आहे. फार कठीण, आणि कीस त्यास चिकटत नाहीं. मात्र त्याची जाडी दोन-चार मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा एक बारीकसा अंश. चांगल्या पोलादावर तो असेल तर बिटाचें आयुष्य वाढतें. पण खालचें पोलाद हलकें असेल तर तो पितळेवरील सोन्याच्या मुलाम्यासारखा होय; उष्णता लेपास दाद देते कीं नाहीं हा प्रश्न गौण, ती खालच्या पोलादाचें पाणी उतरवितेच. शिवाय बिटास एकदां धार लावली कीं टोंकावरील लेप जातो, म्हणजे जेथें त्याची गरज तेथेंच तो राहत नाहीं. काळ्या रंगाचे बिट दिसतात त्यांच्यावर एक प्रकारचा ऑक्साइडचा थर असतो. तो गंज थोडा आवरतो आणि तेल धरून ठेवतो, याहून अधिक अपेक्षा त्यापासून करूं नये.

याच्या वरची पायरी कोबाल्टची. एच. एस. एस. मध्यें शेंकडा पांच कोबाल्ट असलेली जात 'एम ३५' आणि आठ असलेली 'एम ४२' या नांवानें ओळखली जाते. हीं उष्णतेस आणखी दाद देत नाहींत, आणि स्वयंपाकघरांतील स्टेनलेस पोलादाच्या ओट्यास किंवा बेसिनला भोंक पाडावयाचें असेल तर त्यांचा खर्च सार्थकीं लागतो. पण कठीण पोलाद ठिसूळही असतें. हातांत यंत्र धरून काम करतांना मनगट किंचित् डावें-उजवें होतेंच, आणि बारीक कोबाल्टचा बिट तेवढ्यानें मोडतो. म्हणून सगळ्याच कामास महाग बिट हें धोरण चुकीचें. भिंतीचा बिट तर अगदींच निराळा. त्याच्या टोंकाशीं टंगस्टन कार्बाइडचा तुकडा बसविलेला असतो, आणि तो वीट व कॉंक्रीट कापीत नाहीं, ठोकून चुरतो. त्यानें लाकडांत वा लोखंडांत भोंक पाडण्याचा प्रयत्न म्हणजे वरवंट्यानें भाजी चिरणें. येथेंच आणखी एक सूचना करून ठेवतों. भिंतीसाठीं यंत्रावर जी ठोक्याची कळ असते ती धातूच्या किंवा लाकडाच्या कामापूर्वीं न विसरतां बंद करावी. ठोक्यानें एच. एस. एस. बिटाच्या धारेचे टवके उडतात, आणि मग आपण दुकानदारास नांवें ठेवतों.

आतां दुकानांतील पारख. रविवार पेठेंतील बोहरी आळी ही पुण्याची हत्यारांची व लोखंडी सामानाची जुनी बाजारपेठ. तेथें मी तुटका बिट खिशांत घालून गेलों. दुकानदारानें तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलें, "काका, संच घेतला होतात का?" मीं मान डोलावली. तो म्हणाला, "संच घेऊं नका. तेरांतले चारच वापरले जातात, बाकीचे डब्यांत गंजतात. त्या पैशांत चार बिट चांगले घ्या." हा उपदेश मला फार मोलाचा वाटतो. घरच्या कामास तीन, चार, पांच, सहा आणि आठ मिलिमीटर हीं मापें बहुतेक पुरतात. त्यांतील तीन आणि चारचे दोन-दोन घ्यावे. कारण बारीक बिट केव्हां ना केव्हां मोडणारच.

मग त्यानें एक बिट काउंटरच्या कांचेवर ठेवून बोटानें लोळविला. सरळ बिट एकसारखा घरंगळतो. वांकडा असेल तर त्याचें टोंक वरखालीं होतें आणि तें डोळ्यांस स्पष्ट दिसतें. वांकडा बिट मोठें भोंक पाडतो व लवकर मोडतो. त्यानंतर टोंक समोर धरून पाहावें. दोन्ही धारांची लांबी सारखी हवी आणि त्या जेथें मिळतात ती बारीक रेघ बरोबर मध्यावर हवी. एक धार लांब असेल तर सगळें काम तीच करते, तीच आधीं तापते, आणि दुसरी नुसती बरोबर फिरते. (अशी व्यवस्था कित्येक कचेऱ्यांतूनही दिसते.) टोंकाचा कोन सामान्य कामास ११८ अंशांचा असतो, कठीण धातूसाठीं तो १३५ अंशांचा, अधिक बसका ठेवतात, आणि त्याचा मध्य थोडा कोरून घेतात म्हणजे टोंक आरंभीं इकडे-तिकडे घसरत नाहीं. शेवटीं दांड्यावरील अक्षरें पाहावीं: माप, पोलादाची जात आणि करणाऱ्याचें नांव. अगदीं बारीक बिटावर तीं कोरण्यास जागा नसते. पण सहा मिलिमीटरच्या बिटावर कांहींच लिहिलेलें नसेल तर तो परत ठेवावा.

लोहचुंबकानें पारख होत नाहीं. हलकें आणि भारी, दोन्ही पोलादें त्यास चिकटतात. खरी पारख ग्राइंडरवर होते, आणि ती मला टर्नरसाहेबांनीं दाखविली. त्यांनीं माझा तुटका बिट फिरत्या चाकास टेंकविला. पिवळ्या-पांढऱ्या ठिणग्यांचा फुलबाजा उडाला. प्रत्येक ठिणगी पुढें जाऊन फुटत होती. "हें कार्बनचें पोलाद," ते म्हणाले. मग त्यांनीं आपल्या पेटींतील एक जुना बिट टेंकविला. ठिणग्या थोड्या, मंद तांबूस, आणि न फुटतांच विझणाऱ्या. "हें एच. एस. एस." एकदां पाहिलेला हा फरक मनुष्य विसरत नाहीं. मंगळवार पेठेंत रविवारीं व बुधवारीं भरणाऱ्या जुन्या बाजारांत मोडक्या-तोडक्या हत्यारांच्या ढिगांत कधीं कधीं कारखान्यांतले उत्तम बिट बोथट अवस्थेंत मिळतात. ज्यास धार लावतां येते आणि ठिणगी ओळखतां येते, त्यानें तेथें अवश्य जावें. इतरांनीं नवेच घ्यावे.

परंतु उत्तम बिट घेऊनही तो महिनाभरांत भाजणारे लोक आहेत, आणि त्याचें कारण गति. आपली समजूत अशी कीं कठीण वस्तूस अधिक वेगानें भिडावें. नियम अगदीं उलटा आहे: वस्तु जितकी कठीण आणि बिट जितका जाड, तितके फेरे कमी. हिशेब लक्षांत ठेवण्यास सोपा आहे. खिडकीचे गज, पट्ट्या व कोन ज्या नरम पोलादाचे असतात, त्यासाठीं आठ हजारांस बिटाच्या मिलिमीटरांनीं भागावें. येईल तितके फेरे मिनिटास. सहाच्या बिटास सुमारें तेराशें, दहाच्या बिटास आठशें. स्टेनलेस पोलादासाठीं आठ हजारांऐवजीं तीन हजार धरावे, म्हणजे सहाच्या बिटास पांचशेंच फेरे. पितळ व ॲल्युमिनियम यांस दुपटीनें चालेल. घरगुती यंत्र कळ पूर्ण दाबली कीं अडीच ते तीन हजार फेरे फिरतें. तेव्हां लोखंडाच्या कामांत कळ अर्धीच दाबावयाची हें उघड झालें. फेरे मोजण्याचें साधन घरीं नसतें, पण कीस सांगतो. गति व भार योग्य असले म्हणजे दोन्ही पन्हळींतून किसाच्या वळ्या निघतात. नुसती भुकटी आणि किंचाळी येऊं लागली तर बिट कापीत नसून घासत आहे असें समजून तत्काळ थांबावें.

स्टेनलेस पोलादाच्या बाबतींत हें थांबणें विशेष महत्त्वाचें. त्या धातूचा स्वभाव असा कीं त्यास कापण्याऐवजीं घासलें तर तो घासलेल्या जागीं अधिकच कठीण होतो. एकदां तसा कठीण थर तयार झाला कीं मग कोबाल्टही हात टेंकतो. म्हणून तेथें गति कमी, भार भरपूर व एकसारखा, आणि तेल सढळ. तेलाचें काम दुहेरी आहे: घर्षण कमी करणें आणि उष्णता वाहून नेणें. लोखंडास व स्टेनलेसला कापकामाचें तेल उत्तम. तें नसेल तर शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब कांहींच नसण्यापेक्षां पुष्कळ बरे. ॲल्युमिनियमचा कीस पन्हळींत चिकटून बसतो, त्यास थोडें रॉकेल लावावें, मात्र जवळ ज्वाला नसावी. बिडाच्या वस्तूस तेल लावूं नये. त्याचा कीस भुकटीसारखा असतो आणि तेलांत त्याचा चिखल होतो.

पितळेविषयीं बोलतांना मला जरा संकोच होतो. पुण्यास तांबें-पितळेचें काम नवें नाहीं. कसब्यांतील तांबट आळींत हातोड्यांचा नाद अजून ऐकूं येतो. त्यामुळें पितळ म्हणजे मऊ, घरोब्याचा धातु, असें आपण धरून चालतों. आमच्या भाच्यानेंही तसेंच धरलें. दारावरील नांवाच्या पितळी पाटीस भोंक पाडावयाचें होतें. "मामा, मी पाटी हातानें धरतों, तुम्ही यंत्र चालवा," असें तो म्हणाला, आणि मीं त्यास होकार दिला. पितळेंत बिटाची तीक्ष्ण धार कापतां कापतां एकदम खोल रुतते. भोंक आरपार होण्याच्या क्षणीं बिट असाच रुतला, पाटी भाच्याच्या हातांतून सुटून भिंगरीसारखी फिरली, आणि त्याच्या तळव्यास पांच टांके पडले. त्यास मीं नको म्हणावयास हवें होतें. वयानें मोठा मी होतों. तेव्हांपासून आमच्या घरीं दोन नियम आहेत. कोणतीही धातूची पट्टी हातांत धरून भोंक पाडावयाचें नाहीं. ती वाइसमध्यें, नाहीं तर फळीवर दोन शिकंज्यांनीं आवळावयाची. आणि पितळेसाठीं एक बिट वेगळा ठेवावयाचा, ज्याच्या दोन्ही धारांचा तीक्ष्णपणा बारीक सहाणेनें किंचित् मोडून घेतलेला आहे. असा मोडलेला बिट पितळ रुतल्याशिवाय खरवडत जातो. भाच्याचा हात बरा झाला, पण अंगठ्याखालीं वण आहे. डोळ्यांवर चष्मा घालण्याचें मी वेगळें सांगत नाहीं. पोलादाचा कीस डोळ्यांत गेलेला मनुष्य ज्यानें पाहिला असेल त्यास सांगावें लागत नाहीं.

धातूवर बिट टेंकविण्यापूर्वीं त्या जागीं सेंटर पंच ठेवून हातोडीचा एक ठोका द्यावा, म्हणजे खोलगट खूण होते आणि टोंक घसरत नाहीं. आठचें भोंक हवें असेल तर आधीं तीनचें पाडावें. जाड बिटाच्या मध्यावरची जी बोथट रेघ, तिला मग काम उरत नाहीं व भार निम्म्यानें हलका होतो. एवढ्या दोन संवयींनीं माझ्या बिटांचें आयुष्य जितकें वाढलें तितकें कोणत्याही लेपानें वाढलें नसतें.

लाकडाकडे वळूं. लाकडास एच. एस. एस.चा साधा बिट चालतो, परंतु भोंकाचा कांठ स्वच्छ हवा असेल तर टोंकाशीं मधोमध बारीक अणी आणि बाजूस दोन कांटे असलेला सुतारी बिट घ्यावा. अणी जागा धरते, कांटे आधीं गोल रेघ कापतात, आणि मग आंतील लाकूड निघतें. चिरफाळ्या उडत नाहींत. मोठ्या भोंकांस चपटा फावड्यासारखा बिट मिळतो. तो स्वस्त, कामास भरभर, पण खिळ्याशीं गांठ पडली कीं संपला. लाकूड मऊ म्हणून तेथें हलकें पोलाद चालेल असें वाटतें, आणि पाइनच्या खोक्यांपुरतें तें खरेंही आहे. आपल्याकडील लाकडांचें तसें नाहीं. सागवानाच्या अंगांत वाळूचेंच द्रव्य, म्हणजे सिलिका, असतें; तें डोळ्यांस दिसत नाहीं, पण रंध्याच्या पात्यास आणि बिटाच्या धारेस सहाणेसारखें घासतें. म्हणून सागवान हातास गुळगुळीत आणि हत्यारास वैरी, असें सुतार म्हणतात. प्लायवुड व भुशाच्या फळ्या यांतील सरसही धार मारतो. सागवानासाठीं चांगल्या एच. एस. एस.चाच बिट घ्यावा, अर्ध्या-पाऊण इंचानें तो बाहेर काढून पन्हळींतील भुसा झाडावा, आणि भोंक आरपार जावयाचें असेल तर पाठीमागें टाकाऊ फळी आवळून धरावी. लाकडांतून धूर येऊं लागला तर तो लाकडाचा नव्हे, बिटाचा आकांत समजावा.

आणि जुन्या वाड्याचें लाकूड असेल तर आधीं त्यावरून लोहचुंबक फिरवावा. बिटाची जात ओळखण्यास निरुपयोगी ठरलेला चुंबक येथें उपयोगी पडतो. दोरीस बांधून दाराच्या पृष्ठाशीं लोंबकळत ठेवला कीं पृष्ठाजवळ दडलेल्या खिळ्याशीं तो ओढला जातो. फार खोल असलेला खिळा त्यास कळत नाहीं. पण माझा खिळा इंचभर आंत होता, आणि नंतर पाहिलें तेव्हां जरा चांगल्या चुंबकानें त्याची जागा दाखविली.

धार लावण्याची कला रेडिओवरून शिकवितां येईल असें मला वाटत नाहीं. ती ग्राइंडरपाशीं उभें राहूनच येते. तथापि दोन गोष्टी सांगतों. प्रत्येक धारेचा कोन चाकाशीं ५९ अंश, म्हणजे ११८ चा निम्मा, आणि धारेच्या मागील पृष्ठ उतरतें हवें. तें उतरतें नसेल तर धार कितीही तीक्ष्ण असो, ती धातूस टेंकणारच नाहीं. दुसरें, साधें पोलाद धार लावतांना वरचेवर पाण्यांत बुडवावें, पण तापलेला एच. एस. एस. बिट एकदम थंड पाण्यांत बुडवूं नये; त्यास सूक्ष्म तडे जातात. ज्यांस हें करावयाचें नसेल त्यांनीं आपल्या भागांतील धार लावणाऱ्यास विचारावें. आठ मिलिमीटरच्या वरचा बिट फेंकून देण्यापूर्वीं दहा वेळां तरी धार घेतो. तीनचा बोथट झाला तर मात्र नवाच घ्यावा. त्यास धार लावण्यांत वेळ जातो आणि डोळे शिणतात.

पावसाळ्यांत पुण्याची हवा दमट असते, तेव्हां बिट तेलाच्या चिंधीनें पुसून, प्रत्येक वेगळा राहील असे ठेवावे. एकत्र डब्यांत खुळखुळणारे बिट एकमेकांच्या धारा मारतात.

आमच्या दाराचें पुढें काय झालें तें सांगून आपली रजा घेतों. सुतार आले, त्यांनीं खिळ्याच्या भोंवतीं तीन मिलिमीटरच्या बिटानें लहान लहान भोंकांचें एक कडें पाडलें, लाकूड कोरून खिळा आणि माझा तुटका बिट पकडीनें ओढून काढला, आणि त्या खळग्यांत सागवानाचीच खुंटी सरसानें ठोकून बसविली. अडसर दोन बोटें वर बसला. खुंटीचा रंग दाराच्या रंगाशीं अजून जुळलेला नाहीं. पांच-सहा वर्षांत जुळेल असें ते म्हणाले. त्या सोनेरी संचांतील उरलेले बारा बिट मीं फेंकले नाहींत. गच्चीवरील प्लॅस्टिकच्या कुंड्यांस तळाशीं पाण्यासाठीं भोंकें पाडण्याच्या कामीं ते येतात, आणि तें काम ते उत्तम करतात.